बटणावरचं बोट

माझ्या ओळखीत वर्ध्याला जे जे गेले ते आश्रम बघायला गेले आणि मन शांत करून परत आले. मी गेले ती मुलीला नोकरीतून सोडवून आणायला. बॅगेत तिच्यासाठी सांगलीचं भडंग आणि बेदाणे होते, आणि मनात पाठ करून ठेवलेलं एक वाक्य होतं: केतकी, आता पुरे.

केतकी आमची एकुलती एक. ती विमान चालवते, आणि गेल्या वर्षापासून पवनारच्या पलीकडे एका लहानशा उड्डाणशाळेत नव्या मुलांना शिकवते. मोठं विमान असतं तर मीही चारचौघांत मिरवलं असतं. पण ही विमानं चार माणसांची, पुढे एक पंखा फिरतो ती. आमच्या सोसायटीतल्या एका वहिनींची गाडी त्याहून रुंद आहे.

माझं सांगलीत औषधांचं दुकान आहे. केतकी वर गेली की मी गोळ्यांची पट्टी मोजायची, पुन्हा मोजायची, आणि गिऱ्हाईक माझ्या तोंडाकडे बघत राहायचं. दर तासाला तिला मेसेज. उत्तर आलं नाही तर फोन. तिनं उचलला नाही तर शाळेच्या ऑफिसात फोन. तिथला माणूस माझा आवाज ओळखायला लागला होता, आणि ओळखून त्याला आनंद होत नव्हता हेही मला समजत होतं. पण समजतं म्हणून सुटतं असं थोडंच असतं.

दिवाळीत यावरून घरात चांगलंच वाजलं. शेवटी केतकी म्हणाली, "पुण्याला मला वर्गात शिकवायची नोकरी मिळतेय. ती घेते. पण आधी एकदा माझ्या शेजारी बसून वर चल. खाली उतरल्यावर तू नको म्हणालीस तर मी विमान सोडते. न बसता मात्र काही बोलायचं नाही." नव्या शिक्षकांच्या घरच्यांना एकदा फिरवून आणायची त्यांच्या शाळेत पद्धत आहे, तशी परवानगी तिनं काढून ठेवली होती. मी तिथल्या तिथे कबूल झाले. उत्तर माझ्याकडे तयारच होतं, फक्त तिकीट काढायचं राहिलं होतं.

तिच्या बाबांनी गुडघ्याचं निमित्त पुढे करून अंग काढून घेतलं. स्टेशनवर सोडायला आले तेव्हा एवढंच म्हणाले, "बसशील तेव्हा डोळे उघडे ठेव."

वर्धा

फाल्गुन लागला होता. सांगलीचं ऊन अंगाला चिकटतं. वर्ध्याचं कोरडं, कानशिलाला चाटून पुढे जातं. घाम येत नाही म्हणून मी खूश झाले, तर केतकी म्हणाली, "येतो. फक्त तुला दिसत नाही. पाणी पी." पोरगी वाळली होती आणि चेहरा उन्हानं रापला होता. पण चालत होती झपझप, माझी बॅग खांद्याला लावून, जणू स्टेशन तिच्याच नावावर आहे.

बाहेर एका गाड्यावर तिनं मला तर्री-पोहे खायला घातले. पोह्यांवर चण्यांची लालभडक तर्री ओततात. आमच्याकडे असला लाल रस्सा मिसळीवर पडतो. पोह्यांच्या वाटेला कोणी जात नाही. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि दुसरी बशी मी आपण होऊन मागितली. केतकी गाडेवाल्याला म्हणाली, "भाऊ, याईले अजून थोडी तर्री द्या." मी घास तोंडात धरून तिच्याकडे बघितलं. जन्मभर सांगलीच्या पाण्यावर वाढलेली माझी मुलगी एका वर्षात 'यांना'च्या जागी 'याईले' म्हणायला लागली होती.

बाजाराजवळ कापसानं फुगलेल्या गाड्या उभ्या होत्या आणि उडालेला कापूस रस्त्याकडेच्या बाभळींना लटकला होता. केतकी राहते त्या घरच्यांसाठी गोरसपाक घेतला. ही वर्ध्याची बिस्किटं, खाल्ल्यावर तोंडात तुपाची चव बराच वेळ राहते. मग ऑटो केली. आमच्याकडे रिक्षात बसलं की ठिकाण सांगायचं आणि गप्प बसायचं. इथला ऑटोवाला अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत बोलत होता. पवनार येईपर्यंत त्यानं माझ्या गुडघ्यांची, पावसाची आणि जावयाची चौकशी करून घेतली. जावई मला अजून नाही, हे ऐकून त्याला माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. "मिळून जाईन काकू, टेन्शन नोका घेऊ," उतरताना तो म्हणाला.

पवनार

केतकी राहते ते घर नलूताई आणि वामनराव या शेतकरी नवराबायकोचं. दोन्ही मुलं नागपुरात नोकरीला, म्हणून मागची खोली रिकामी होती, ती केतकीला दिलेली. घरामागे त्यांचं शेत, शेतापलीकडे धाम नदी. आमच्या कृष्णेपुढे धाम अंगानं लहान, पण तिच्यातले काळे खडक उन्हात असे चकाकतात की थांबून बघावं.

"या जी ताई," नलूताई दारातच म्हणाल्या. "पयले आंग धुऊन घ्या. पाणी तापून राह्यलं." आमच्याकडे पाहुण्याला आधी चहा विचारतात. इथं आधी प्रवासाची धूळ उतरवायची आणि मग ताटावर बसायचं. मला ही रीत फार पटली.

जेवायला गोळाभात होता. भरड डाळीचे तिखट गोळे भातातच शिजवतात आणि वाढल्यावर वरून कढत तेलाची फोडणी सोडतात. ते तेल बघून माझ्या मनात दुकानातल्या चार औषधांची नावं येऊन गेली. नंतर मी नावं विसरले. नलूताई वाढायच्या काही थांबेनात. वाढता वाढता त्यांनी विचारलं, "पोरगी बारीक झाली नाई ना आमची?"

'आमची' हा शब्द मला जरा लागला. आपण जिच्यासाठी जीव टांगून बसलोय तिला कोणी परक्या गावात 'आमची' म्हणतं, तेव्हा बरं वाटायला हवं. मला बरं वाटायला दोन दिवस लागले.

त्याच संध्याकाळी मी त्या घरात पहिला उपद्व्याप केला. रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला तर मला चैन पडत नाही. घरचे मला वीज मंडळाची बहीण म्हणतात. ओसरीवर भिंतीला एक पेटी होती, तिच्यावर लाल दिवा लागलेला, आणि चालू तर काहीच दिसत नव्हतं. मी खटका खाली ओढला, दिवा विझला, आणि आपण यजमानांचं कल्याण केलं अशा समाधानात झोपले.

सकाळी वामनराव त्या पेटीसमोर उभे. खटका पुन्हा वर करत होते. मीच विचारलं, तेव्हा जरा संकोचून म्हणाले, "हे मोटरीचं हाय, ताई. शेतीची लाइन घरच्याहून अलग, कवा येईन काई भरवसा नाई, म्हणून चालूच राहू देतो. लाइन आली का विहिरीवरची मोटर आपल्या मनानं सुरू होते."

म्हणजे रात्री शेतीची वीज आली, गेली, आणि भुईमूग कोरडाच राहिला. मला कुठं तोंड लपवू असं झालं. आमच्या सोसायटीत असं झालं असतं तर मीटिंग बोलावली असती. वामनराव मलाच समजवायला लागले. "जाऊ द्या ना. भुईमूग काई रागावत नाई. आज रातच्याले बसन पाणी." आणि नलूताईंनी मला घरातल्या सगळ्यात मोठ्या कपात चहा दिला. त्यानंतर त्या पेटीजवळून जाताना मी हात पाठीमागे बांधून जायचे.

धावपट्टी

धावपट्टी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर विमानतळ होता. ही निघाली एका बंद पडलेल्या कारखान्याची जुनी पट्टी. दोन्ही बाजूंना वाळलेलं गवत, एक पत्र्याची शेड, एक ऑफिसची खोली आणि बांबूवर फडफडणारी, वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी. वामनरावही आमच्याबरोबर आले होते, कारण वरून त्यांचं शेत दाखवायचं केतकीनं त्यांना कधीचं कबूल केलं होतं. नलूताईंना विचारलं तर म्हणाल्या, "मी खालूनच पाहीन. कोणं तरी पाह्यजे ना खाली स्वयपाकाले."

उडायचं दुसऱ्या दिवशी होतं. त्या दिवशी केतकीनं आम्हाला नुसतं आत बसवून विमान समजावून सांगितलं. मला शिकवणारी केतकी मी पहिल्यांदाच बघत होते.

"याचे पंख खाली आहेत आणि टाक्या पंखांत आहेत," ती म्हणाली. "पंख वर असले की पेट्रोल आपोआप इंजिनात उतरतं, गच्चीवरच्या टाकीसारखं. इथं ते चढवावं लागतं. त्यासाठी इंजिनाला स्वतःचा पंप आहे. इंजिन फिरलं की तो चालतो. आणि हा दुसरा, विजेवरचा. उडताना, उतरताना आणि एका टाकीवरून दुसऱ्या टाकीवर जाताना हा चालू ठेवायचा. जमिनीजवळ असताना पहिल्यानं दगा दिला तर विचार करायला सवड नसते. उन्हाळ्यात नळीतल्या पेट्रोलची वाफ धरते, तेव्हाही हाच कामाला येतो."

तिनं बटण वर केलं. पुढून टकटकटकटक असा घाईचा आवाज आला. वामनराव तेव्हा पुढच्या खुर्चीत होते. त्यांनी झटकन हात घालून बटण खाली केलं.

"कोरडी चालून राह्यली होती," ते म्हणाले. "जळते ना मोटर."

विहिरीवर मोटर पाण्याशिवाय फिरली की धावत जाऊन बंद करायची, हे त्यांच्या हातात इतकं भिनलेलं होतं की डोक्याला विचारायची गरजच पडली नाही. केतकी हसली नाही. तिनं पुन्हा बटण वर केलं आणि त्यांना ऐकायला लावलं. टकटक हळूहळू संथ झाली. "नळी भरेपर्यंत घाई, भरली की संथ. काकाजी, ही कोरडी नाही. पण इथं एक नियम आहे. तोंडानं बोलल्याशिवाय कुठल्याच बटणाला हात नाही. आधी सांगायचं, मग करायचं." वामनरावांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. भुईमुगाच्या प्रकरणानंतर मला जोडीदार मिळाला म्हणून मी मनातून सुखावले होते.

पण माझा मुद्दा राहिलाच होता. "मग तो दुसरा सारखा चालूच का ठेवत नाहीस? दोन चालले तर तेवढाच जास्त आधार."

"चालूच ठेवला तर पहिला चालतोय की मेलाय ते कळणार कसं?" केतकी म्हणाली. "म्हणून पुरेशी उंची मिळाली की हा बंद करायचा आणि ही दाबाची सुई बघायची. सुई हिरव्यात राहिली, म्हणजे इंजिन स्वतःच्या पंपावर चाललंय. आणि सगळ्या विमानांना एकच नियम लागत नाही. शेडमध्ये ते दुसरं उभं आहे ना, त्याला हाच पंप नको तेव्हा जोरात लावला तर इंजिन पेट्रोलनं गुदमरून बंद पडतं."

"जास्त पाजून?"

"जास्त पाजून."

हे म्हणताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही, मुद्दाम खिडकीबाहेर बघितलं. उतरताना ती म्हणाली, "उद्या तुला एक काम देते. तू फक्त सुई बघायचीस." मला गुंतवून ठेवायला दिलेलं खेळणं आहे, हे मी ओळखलं. तिच्या लहानपणी मी तिला लसूण सोलायला बसवायची, तसंच हे.

वर

सकाळी हवा गार होती. मी केतकीच्या शेजारी, वामनराव मागे. टकटक झाली, संथ झाली, आणि इंजिन सुरू झालं. केतकी प्रत्येक गोष्ट आधी बोलत होती, मग करत होती. पंप बंद. सुई हिरव्यात. मग धावपट्टीच्या टोकाला, पंप चालू. शेजारी ऐकायला कोणी शिकाऊ नव्हता, तरी बोलत होती. लहानपणी पाढे म्हणायला लावलं की पळून जाणारी ही मुलगी.

विमान धावलं, गवत मागे पळालं आणि खालची खडखड अचानक थांबली. मी डोळे उघडे ठेवले होते. धाम नदी दिसली, तिच्या काठची आश्रमाची कौलं दिसली, तुरी काढून मोकळी झालेली करडी शेतं आणि मधेच एखादा हिरवा चौकोन. लांब वर्ध्याची घरं शेजारच्या सिंदी मेघे गावापर्यंत पसरलेली, त्यांच्यावर सकाळचा धूर. आपल्या मुलीनं रोज हे बघावं आणि आपण तिला तासातासाला विचारावं, जेवलीस का. मला माझंच हसू आलं.

केतकी धावपट्टीच्या भोवतीच गोल फिरत वर चढत होती. इंजिन बंद पडलं तरी तरंगत पट्टीवर उतरता येईल इतकी उंची झाल्याशिवाय ती लांब जात नाही, हे तिनं आधीच सांगितलं होतं.

"उंची झाली," ती म्हणाली. "पंप बंद करते. आई, सुई."

खट्.

मी सुईकडे बघत होते. आधी ती होती तिथंच राहिली. मग पेंग आल्यासारखी कलली आणि सरळ खाली जायला लागली. मला वाटलं, माझीच नजर चुकतेय. "केतकी, सुई..." एवढं तोंडातून निघालं आणि इंजिनानं एक आचका दिला.

"दाब गेला. पंप चालू." खट्. तेवढ्याच आवाजात, ना वर ना खाली. सुई उठली, हिरव्यात जाऊन बसली, आणि इंजिन काही झालंच नाही असं चालायला लागलं.

तेव्हा मी तिच्या हाताकडे बघितलं. तिचं बोट बटणावरच होतं. बंद केल्यापासून तिनं ते उचललंच नव्हतं. म्हणजे मी 'सुई' म्हणायच्या आधी, आचक्याच्याही आधी, ते तिथं होतं. सगळं ठीक चाललेलं असताना, वाट बघत.

तिनं रेडिओवर खाली कळवलं की इंजिनाचा पंप गेलाय, दुसऱ्यावर चाललोय, लगेच उतरतेय. मग मला म्हणाली, "आई, परत जातोय. आता हा चालूच ठेवायचा. तू सुई बघत राहा." मी बघत राहिले. आता ते खेळणं नव्हतं. देवाचं नाव घ्यायचंही मला सुचलं नाही. नजर हलली तर सुई पडेल असं वाटत होतं.

मागून वामनरावांनी केतकीच्या खांद्यावर टकटक केली. त्यांना यातलं काहीच कळलं नव्हतं. "माहं वावर आता दिसणारच होतं ना बाई. परतून काऊन राह्यली?"

"उद्या-परवा दाखवते, काकाजी," केतकी म्हणाली. "पट्टा घट्ट करा." आणि तिनं विमान असं टेकवलं की चाकं लागल्याचं मला गवत हळू पळायला लागल्यावर समजलं.

खाली

भीती मला खाली आल्यावर भेटली. मी तिथंच गवतात बसले. शाळेचे इंजिनिअर, पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ, इंजिनाचं झाकण उघडून बसले आणि जरा वेळानं केतकीला बोलावून दाखवलं. पंपाच्या आतली हलणारी दांडी तुटली होती.

"सुरू करताना ठीक होता, म्हणजे उडतानाच तुटला असेल," ते मला म्हणाले. "दुसरा चालू होता म्हणून तुम्हाला पत्ता लागला नाही. चालू नसता, तर त्या वेळी खाली नाला होता आणि बाभळी."

जे मागायला मी एवढ्या लांब आले होते ते माझ्या ओटीत आयतं पडलं होतं. आता 'पुरे' म्हटलं असतं तर एकही माणूस मला चूक म्हणू शकला नसता, केतकीसुद्धा. तिलाही ते कळत होतं. तिनं हात धुतले, माझ्या शेजारी येऊन बसली, पाण्याची बाटली दिली. विचारलं मात्र नाही. मग तिच्या वर्गाची वेळ झाली म्हणून उठून गेली.

मी शेडच्या दाराशी उभी राहून ऐकलं. सकाळचीच हकीगत ती मुलांना सांगत होती. मला वाटलं, आता जरा तिखटमीठ लावेल. नाही लावलं. "मी वेगळं काही केलं नाही," ती म्हणाली. "रोज करतो तेच केलं. रोज काही होत नाही म्हणून आपण कंटाळतो आणि बोट लवकर उचलतो. ते उचलायचं नाही." मी तिथून हळूच बाजूला झाले. माझ्या मुलीचा मला इतका अभिमान वाटला की त्याचं काय करावं ते कळेना, म्हणून पदरानं चष्मा पुसत बसले.

संध्याकाळी वामनरावांनी शेतात रोडगे लावले. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकायची, फोडून तूप ओतायचं आणि वांग्याच्या झणझणीत भाजीबरोबर खायचे. सगळे सुखरूप खाली आले म्हणून हा बेत. वांगी तोडताना नलूताई आणि मी दोघीच होतो. त्यांनी सरळ विचारलं, "ताई, तुमी आता पोरीले घेऊन जाता काय?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तिनंच सांगतलं, तुमी याच्या पयले. आई नाई म्हणाली तं मी जाईन, म्हणे." त्या वांगं फिरवून बघत होत्या. "ती रोज सकाळी जाताना सांगून जाते, काकू, जाऊन येते. आली का सांगते, आली. बस. मधात मी माह्या कामात."

"मधे काळजी नाही वाटत?"

"वाटते ना. काऊन नाई वाटणार? पण काळजीनं काय विमान चालते? मी वांगे तोडून ठेवते. आल्यावर तिले भूक लागून राहते."

त्यांनी हे मला शिकवायला सांगितलं नव्हतं. त्यांच्या दिवसाचा तो क्रमच होता. पण 'आमची पोरगी' म्हणायचा हक्क त्यांनी कुठून मिळवला हे मला त्या वांग्यांच्या ओळीत उभं राहून समजलं, आणि बरं वाटलं.

परतताना

नवा पंप आला, बसला, इंजिनिअरनी आणि केतकीनं तो तपासला. मग ती वामनरावांना घेऊन वर गेली. मी आणि नलूताई ओसरीवर सांभारवडीच्या तयारीत होतो. इथं कोथिंबिरीला सांभार म्हणतात आणि तिच्या वड्या करतात. सारण मी परतलं. वरून बारीक घरघर गेली. नलूताईंनी एकदा वर बघितलं आणि पारी लाटायला घेतली. मीही एकदाच बघितलं. दुसऱ्यांदा मान वर जात होती, ती मी धरून ठेवली. घरी आल्यावर वामनरावांनी दोन बोटांची चिमूट करून दाखवली. मग म्हणाले, "एवढंसं हाय वो आपलं वावर." आणि जेवायला बसेपर्यंत हसत राहिले.

मला पोचवायला केतकी वर्धा स्टेशनवर आली. नलूताईंनी दिलेली तूरडाळ आणि वड्यांचा डबा यांच्या वजनानं बॅग आली होती त्याहून जड झाली होती. फलाटावर केतकीनं शेवटी विचारलंच. "आई, तू काही बोलली नाहीस. पुण्याला त्यांना कळवायचंय."

"कळव. येत नाही म्हणून कळव."

तिनं खांद्यावरची बॅग खाली ठेवली.

"माझी एक अट आहे," मी म्हटलं. "निघताना एक मेसेज. उतरल्यावर एक. मधे मी बंद."

"जमेल तुला?"

"बंद केल्यावर काय करायचं असतं, तूच सांग."

"सुई बघायची." तिचा आवाज जरा हलला. विमानात तो हलला नव्हता.

"बघेन," मी म्हटलं. ती हसली, माझ्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि गाडी येईपर्यंत तसंच राहू दिलं.

घरी येऊन आता बरेच दिवस झाले. या प्रवासात मी कुणाकुणाचं देणं लागते ते मनात म्हणते अधूनमधून: भुईमूग कोरडा ठेवला तरी मोठा कप देणारे ते दोघं, केतकीला बोट न उचलायला शिकवणारे तिचे शिक्षक, ज्यांना मी पाहिलेलंही नाही, आणि एक पंप असताना दुसराही बसवावा असं ज्याला कधी काळी वाटलं, तो कुठलासा माणूस. उड्डाणशाळेच्या ऑफिसातल्या त्या माणसाला मी भडंग पाठवलं. त्याचा फोन आला, आणि पहिल्यांदाच त्याला माझ्याशी बोलताना आनंद झालेला जाणवला.

परवा दुकानात गर्दी होती आणि फोनवर आलं, 'निघाले.' मी फोन काउंटरवर ठेवला. गोळ्यांची पट्टी मोजली, एकदाच. खोकल्याचं औषध काढून दिलं, सुटे पैसे दिले, एका आजींना डोस समजावून सांगितला. त्या जाता जाता म्हणाल्या, "बाई, फोन यायचाय का कुणाचा? मघापासून एका हातानंच सगळं चाललंय तुमचं."

मी खाली बघितलं. डाव्या हाताचं बोट फोनवर टेकलेलं होतं. मी काही लिहिलं नाही, फोनही केला नाही. बोट तिथंच राहू दिलं.

थोड्या वेळानं फोनचा दिवा लागला. 'उतरले. काकूंकडे आज वांगी.' मग मी बोट उचललं.